चेहरा दाखवल्याचा गुन्हा

सुशिक्षित मराठी माणसांचे हल्ली एका गोष्टीवर चटकन एकमत होते. राजकारण आणि क्रिकेट यांवर भांडून झाले की कुणीतरी रील करणाऱ्यांचा विषय काढतो आणि मंडळी एका सुरात बोलू लागतात. हा सूर पुण्यात ऐकू येतो, तसाच बंगळुरूत व्हाइटफील्डच्या एखाद्या सोसायटीत गणपतीच्या मांडवातही ऐकू येतो. बोलणाऱ्यांतले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या ॲपच्या कंपनीतच पगार घेत असतात, ही गंमत वेगळी. म्हणणे असे की, मोबाईल हातात आला आणि जो तो कलाकार झाला. ना अभ्यास, ना वाचन, ना साधना. उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःचा चेहरा, स्वतःचे ताट, स्वतःचे मूल. दिवसभर लाइक मोजायचे आणि त्याला लोकांशी जोडले जाणे म्हणायचे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहते त्याचा पत्ता नाही आणि म्हणे लाखभर चाहते! पूर्वीची माणसे लिहीत, गात, नाटके करीत. आताची 'कंटेंट' करतात, आणि तेही पैशासाठी. एवढे बोलून झाले की बोलणारा खिशातून फोन काढतो आणि सकाळी कुठूनसा आलेला, लिहिणाऱ्याचे नाव नसलेला सुविचार तीन ग्रुपांवर ढकलतो.

या मताचा कंटाळा येतो, पण त्याहून चीड येते ती त्यातल्या खात्रीची. बोलणाऱ्याने रील करणाऱ्या कुणाशी कधी दोन वाक्ये बोललेली नसतात. एखादे चॅनेल सुरुवातीपासून पाहिलेले नसते, एखाद्या कमेंटखाली चाललेला संवाद वाचलेला नसतो. तरी निकाल तयार असतो. हा निकाल नवा असता तर एक वेळ ऐकून घेतला असता. पण तो फार जुना आहे. प्रत्येक पिढीत त्याच प्रकारच्या माणसांनी तो दिला आहे, आणि प्रत्येक पिढीत तो त्याच प्रकारच्या माणसांविरुद्ध गेला आहे.

सुरुवात 'मी-मी'पणाच्या आरोपापासून करू. स्वतःविषयी बोलणे मराठीत कधीपासून हलके ठरले? रमाबाई रानड्यांच्या 1910 सालच्या आठवणी, 1934 पासून निघालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', दया पवारांचे 1978 चे 'बलुतं', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' एवढी पुस्तके बाजूला काढा आणि मराठी गद्याच्या कपाटात किती भगदाड पडते ते बघा. आज ती अभ्यासक्रमात आहेत म्हणून आपण त्यांना हात जोडतो. बेबी कांबळे फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहीत होत्या आणि लिहिलेले कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. का? बाईने, त्यातही दलित बाईने, स्वतःविषयी तोंड उघडणे म्हणजे आगाऊपणा, असे मानणारे लोक होते म्हणून. तेव्हा 'आगाऊपणा' म्हणत, आता 'आत्मप्रदर्शन' म्हणतात. आता शब्द तेवढा भारदस्त झाला आहे.

याच्या जरा मागे जाऊ. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. ती यमूने स्वतः सांगितलेली स्वतःची कहाणी आहे. पण यमूच्या हातातली लेखणी हरिभाऊंची होती. त्या काळी दुसरा इलाज नव्हता आणि हरिभाऊंचे मोठेपण त्यातच आहे. आता बंगळुरूकडे या. 2014 साली या शहरात 'प्रतिलिपी' नावाची कंपनी सुरू झाली. भारतीय भाषांत कुणीही लिहावे, कुणीही वाचावे, एवढाच तिचा खटाटोप. तिच्या मराठी विभागात क्रमशः कादंबऱ्यांचा पूर असतो आणि लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. विषय सासरचा जाच, दुसरे लग्न, मूल न होणे, नोकरी आणि घर यांची ओढाताण. भाग टाकला की खाली वाचकांचे अभिप्राय येतात. पुढचा भाग कधी, असा तगादा लागतो. नायिकेने नवऱ्याला माफ करावे की नाही यावर वाद झडतात. 'करमणूक'च्या वाचकांनाही पुढच्या अंकाची हीच ओढ लागत असणार. फरक एवढाच की यमू आता स्वतः लिहिते, तिला हरिभाऊंची गरज उरलेली नाही. हरिभाऊंना याचा आनंदच झाला असता. दुःख झाले आहे ते हरिभाऊंचा वारसा सांगणाऱ्यांना.

इथे हमखास आवाज येतो, 'अहो, पण दर्जा?' दर्जाचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो विचारणाऱ्यांचा इतिहास तपासून घ्यायला हवा. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले 1878 साली. 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, कारण ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाला जागा नाही तिथे जाऊन करायचे काय, हा त्यांचा सवाल होता. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली बाई बसली 1961 साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. म्हणजे 83 वर्षे लागली. त्यांना धरून 2025 च्या दिल्ली संमेलनापर्यंत सगळ्या मिळून सहा. दर्जा ओळखण्याची ज्यांची दृष्टी इतकी तीक्ष्ण, त्यांना दीड शतकात अध्यक्षपदाच्या तोलाच्या सहाच बायका दिसल्या! साठच्या दशकात काही तरुणांनी सायक्लोस्टाइल करून, पदरचे पैसे घालून अनियतकालिके काढली, तेव्हाही संपादकांच्या टेबलावरून जे परत आले ते हे लोक स्वतःच छापतात, अशीच कुजबुज झाली होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, अशोक शहाणे, राजा ढाले ही त्या चळवळीतली नावे. त्यांच्यावर आज पीएचड्या होतात. त्यांना नाके मुरडणाऱ्यांची नावे कुणाला आठवतात?

रीलमध्ये आणि ॲपवरच्या कादंबऱ्यांत टाकाऊ माल पुष्कळ असतो, हे मला मान्य आहे. छापील पुस्तकांतही असतो. रद्दीवाले त्याला साक्ष आहेत. दर्जाचा प्रश्न एकेका कृतीला विचारायचा असतो. ही कविता बरी की वाईट, हा विनोद जमला की फसला, ही पाककृती नीट समजावली की नाही. तो प्रश्न सबंध माध्यमाला आणि त्यातल्या लाखो माणसांना घाऊक विचारला की त्याचा समीक्षेशी संबंध संपतो आणि दारावरचा पहारा सुरू होतो. आत कोण आले ते बघायचे आहे, काय आणले ते नव्हे.

पैशाच्या आरोपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण तो करणाऱ्यांनाही मनातून तो पटलेला नसतो. 1638 च्या सुमारास बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि तिथे त्यांचा दरबार भरू लागला. जयराम पिंड्ये नावाचा कवी त्या दरबारी गेला, त्याने राजाची स्तुती रचली, अनेक भाषांतल्या कवींची स्तुतिपर कवने आपल्या ग्रंथात गुंफली. तो 'राधामाधवविलासचंपू' इतिहासकार राजवाड्यांनी 1922 साली संपादून छापला आणि आपण त्याकडे अभिमानाने बोट दाखवतो. या कवींना बिदागीची अपेक्षा नव्हती असे कुणी म्हणेल काय? पण म्हणून कुणी त्यांना 'इन्फ्लुएन्सर' म्हणून हिणवत नाही. आपले दिवाळी अंक सोन्या-चांदीच्या दुकानांच्या आणि बँकांच्या जाहिरातींवर निघतात, नाटकाच्या तिकिटावर किंमत छापलेली असते, व्याख्यानमालेत वक्त्याला मानधनाचे पाकीट मिळते. तिथे पैसा चालतो. तोच पैसा इचलकरंजीच्या मुलीला साडीच्या व्हिडिओबद्दल मिळाला की कलेचा बाजार होतो! बाकी हा पैसा फुकटचाही नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला आधी 1,000 सबस्क्राइबर आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण जमवावे लागते. ते जमल्यावर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातले 55 टक्के मिळतात, उरलेले कंपनीचे. 1 जुलै 2022 पासून आयकर कायद्यात 194आर हे कलम आले. कंपन्यांकडून वर्षात 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या भेटवस्तू घेणाऱ्यांवर दहा टक्के कर कापला जाऊ लागला आणि त्या जाळ्यात व्हिडिओ करणारेही आले. सरकारच्या लेखी ही मिळकत आहे. फक्त मांडवातल्या मंडळींना तो चाळा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. जोडले जाणे हा म्हणे भास आहे. खरे नाते समोरासमोर, चहाच्या कपावर, पारावर, कट्ट्यावर. ऐकायला फार गोड वाटते. पण बंगळुरूसारख्या शहरात हे कसे जमवायचे, ते या लोकांनी एकदा समजावून सांगावे. 2011 च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या 96 लाखांच्या घरात होती आणि कन्नड मातृभाषा असणारे त्यात निम्म्याहून कमी होते. उरलेले तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम, मराठी आणि आणखी कितीतरी भाषा बोलणारे. टॉमटॉमच्या 2019 च्या पाहणीत वाहनांच्या कोंडीत हे शहर जगात पहिले आले होते. व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या नांदेडच्या मुलीने संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप मिटवून गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातल्या कार्यक्रमाला निघायचे ठरवले, तर ती पोचेपर्यंत आभाराचे भाषण चालू असेल. आणि शेजारी? दहा-दहा महिन्यांचे भाडे डिपॉझिट मागणारे, अकरा महिन्यांचा करार करणारे, आडनाव आणि मांसाहार विचारून दार उघडणारे घरमालक या शहराने पाहिले आहेत. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसण्याचे पाप रीलच्या माथी मारायचे असेल तर अकरा महिन्यांचा करारही रीलनेच लिहिला असे म्हणावे लागेल.

शिवाय 'समोरासमोर' हीच जर कसोटी, तर मग पुस्तक वाचणाऱ्याचे लेखकाशी जडलेले नाते कोणत्या खात्यात टाकायचे? पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेट परदेशी गेलेल्या मराठी घरांत वर्षानुवर्षे वाजल्या. त्या घरांतल्या बहुतेकांनी पुलंना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. कॅसेटला उलट बोलण्याची सोयही नव्हती. तरी ते नाते खरे, जिव्हाळ्याचे, एका पिढीला घडवणारे, असे आपण म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. मग पडद्यावरच्या माणसाला खाली कमेंट लिहून प्रश्न विचारता येतो, तो कधी उत्तर देतो, दुसरा एखादा प्रेक्षकच देतो, तिथून ओळख वाढते, हे नाते त्याहून खोटे कसे? कॅसेटमुळे खरे होते आणि फोनमुळे खोटे, असा काही नियम आहे काय?

बंगळुरूतल्याच काही माणसांकडे बघू. 2020 च्या टाळेबंदीत दानिश सैत या विनोदवीराने घरात बसून छोटे व्हिडिओ केले. या शहरातले नमुने, त्यांची मिश्र भाषा, त्यांचे फोनवरचे बोलणे, सगळी पात्रे तो एकटाच. ना सेट, ना दिग्दर्शक. दारे लावून बसलेल्या शहराला स्वतःचा आवाज त्यातून ऐकू आला. 2023 च्या सुरुवातीला आयटी कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली तेव्हा श्रद्धा जैन, म्हणजे 'अय्यो श्रद्धा', यांनी त्या कपातीवर केलेला व्हिडिओ हजारो कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठवला. मनुष्यबळ विभागाच्या गोड, गुळगुळीत भाषेची त्यात खिल्ली होती. ज्याची नोकरी गेली त्याला कंपनीने अर्ध्या तासात लॅपटॉप परत मागितला. त्याच्या अपमानाला हसू फुटेल असे शब्द देणारे माणूस कोण होते? कुणी कादंबरीकार? कुणी कामगार संघटना? पडद्यावर तोंड वेडेवाकडे करणारी एक बाई होती. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला, हा दाखला मी देत नाही. सरकारी पुरस्काराने काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते पाठवणाऱ्यांच्या संख्येने आणि पाठवताना जोडलेल्या 'अगदी असेच झाले' या एका ओळीने. एकेकट्याने गिळलेली गोष्ट अनेकांची होती, हे कळणे म्हणजेच जोडले जाणे. यापलीकडे त्याची आणखी मोठी व्याख्या कुणाकडे असेल तर ऐकायला आवडेल.

आणि गगन श्रीनिवास हा तरुण, ज्याला कर्नाटक 'डॉ. ब्रो' म्हणून ओळखते. बंगळुरूच्या परिसरातला साध्या घरातला मुलगा कॅमेरा घेऊन अफगाणिस्तानपर्यंत जातो आणि तिथला बाजार, तिथली भाकरी, तिथली माणसे चक्क कन्नडमधून दाखवतो. प्रेक्षकाला नमस्कार करताना 'देवरू' म्हणतो. त्याच्या आधी कन्नड घरातल्या आजीला परदेश बघायचा तर इंग्रजी किंवा हिंदी आवाजातून बघावा लागे. प्रवासवर्णनाचा केवढा मोठा वारसा सांगणारे आपण! मीना प्रभूंची पुस्तके रांगेने वाचणारे आपण! मग हाच उद्योग कुणी पुस्तकाऐवजी कॅमेऱ्याने केला तर नाक का मुरडायचे? कर्नाटकात मराठी मातृभाषा असणारे वीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांची मुले कन्नड शाळेत किंवा इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्या हाती मराठी छापील पुस्तक क्वचितच पडते. त्यांच्या कानावर पडणारी आजची मराठी यूट्यूबवरच्या पाककृतींतली, भाडिपासारख्या मंडळींच्या विनोदी मालिकांतली, गावाकडच्या रीलमधली असते. 2015 साली बंगळुरूतच सुरू झालेल्या शेअरचॅटने इंग्रजीला बाजूला ठेवून भारतीय भाषांवर पैज लावली, त्यात मराठी पहिल्यापासून होती. तिथल्या गुलाबाच्या फुलांच्या 'शुभ सकाळ'वर हसायचे तर हसा. पण इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही काहीतरी सांगायचे असते, हे त्या कंपनीने ओळखले आणि आपल्या साहित्य संस्थांनी ओळखले नाही. याबद्दल हसायचे कुणाला?

आता सर्वांत गंभीर आरोप. याच माध्यमातून द्वेष पसरतो, अफवा पसरतात, माणसे मरतात. हे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच ते नीट पाहायला हवे. ऑगस्ट 2012 मध्ये बंगळुरूतून ईशान्य भारतातले हजारो लोक भीतीने रेल्वे पकडून निघून गेले. ती अफवा मुख्यतः एसएमएसवरून फिरली; सरकारने मग दिवसाला पाचच घाऊक संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याचे फॉरवर्ड त्यामागे होते. या दोन्ही प्रसंगांत कुणाचा चेहरा दिसतो? कुणाचाच नाही. कुणी लिहिले ठाऊक नाही, कुणी पाठवले ठाऊक नाही, 'आले तसे पुढे पाठवत आहे' एवढीच सही. आणि ज्याला आपण आत्मप्रदर्शन म्हणून झोडपतो, त्या माणसाचा चेहरा, नाव, आवाज सगळे समोर असते. तो खोटे बोलला तर त्याला धरता येते, कमेंटमध्ये झाडता येते, पोलिसात खेचता येते. अफवेला बिनचेहऱ्याचा संदेश लागतो. म्हणजे चेहरा दाखवणाऱ्याला दोष देणारे काका स्वतः सकाळी सुविचार म्हणून जे ढकलतात, ते त्या बिनचेहऱ्याच्या घराण्यातले असते.

हा भेद 2025 मध्ये बंगळुरूने फार लख्ख दाखवला. मे महिन्यात उघडकीस आले की कुणीतरी नम्म मेट्रोत प्रवास करणाऱ्या बायकांचे चोरून चित्रण करून इन्स्टाग्रामवर टाकत होते. जुलैमध्ये चर्च स्ट्रीटवर असाच प्रकार झाला. दोन्ही प्रकरणांत पोलिसांनी अटक केली. लगेच सर्वत्र सूर निघाला की, बघा, हे सगळे रीलचे वेड! पण या चोरट्यांनी स्वतःचा चेहरा दाखवला होता काय? ते कॅमेऱ्यामागे दडले होते आणि दुसऱ्यांना उघडे पाडत होते. आत्मप्रदर्शनाच्या नेमके उलट. आणि चर्च स्ट्रीटचे प्रकरण वर आले कसे? जिचे चित्रण झाले होते त्या तरुणीने त्याच इन्स्टाग्रामवर येऊन, स्वतःच्या तोंडाने, हे माझ्या संमतीशिवाय झाले आहे, असे सांगितले म्हणून. तिने 'घरात बसून' राहायला हवे होते काय? चोरून चित्रण करणारा आणि समोर येऊन बोलणारी या दोघांना 'रीलवाले' या एकाच टोपलीत टाकणाऱ्याला माध्यम समजलेले नाही, एवढेच नव्हे, त्याला गुन्हाही समजलेला नाही. अशाच घाऊकपणाने आईबापांनी तान्ह्या मुलांना नाचवून केलेली चॅनेलेही इतरांच्या माथी मारली जातात. त्या मुलांना कुणी विचारलेले नसते, तेव्हा ती त्यांची अभिव्यक्ती नाही. तिथे जरूर ओरडावे. पण ओरडणाऱ्यांचा रोख बहुधा त्या आईबापांवर नसतोच. तो पंचविशीतल्या, स्वतःच्या मर्जीने नाचणाऱ्या मुलीवर असतो.

व्यसनाचा मुद्दा राहिला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून 'शट' नावाचे उपचार केंद्र चालते. फोन, खेळ, इंटरनेट यांच्या अतिवापराने ज्यांचे जगणे विस्कटले, ते तिथे जातात. हा त्रास खरा आहे, टवाळीचा विषय नाही. पण तो ज्या रचनेतून उपजतो ती कुणाची? बोट सरकवले की पुढचा व्हिडिओ, तो संपण्याआधी त्याच्या पुढचा, ही न संपणारी रांग लातूरच्या कीर्तनकार पोराने बनवलेली नाही. ती बनवणारे अभियंते आणि त्यांचे मालक आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे आपल्या मांडवात बसून रीलवाल्यांना नावे ठेवत असतात. रोज काही टाकले नाही तर अल्गोरिदम आपल्याला मागे ढकलेल, या धास्तीने व्हिडिओ करणारेही पिळून निघतात. तेही याच रचनेचे बळी आहेत. शेतकऱ्याच्या मालाला भाव पडला म्हणून शेतकऱ्यालाच 'एवढे पिकवलेस कशाला' असे दटावणाऱ्या अडत्यासारखी ही टीका आहे.

ॲपवर बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांची खरी अवस्था पाहायची तर दोन तारखा पुरेत. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. सुरक्षेची कारणे असतील, निर्णय बरोबरही असेल. पण त्या रात्री खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या, उत्तर कर्नाटकातल्या पोरापोरींचे सगळे काम आणि जमवलेली सगळी माणसे एका फटक्यात गेली. काही दिवसांत शेअरचॅटने 'मोज' आणले. पोरे तिथे गेली आणि पहिल्या पायरीपासून चढू लागली. दुसरी तारीख 3 जुलै 2024. कन्नडपासून सुरू होऊन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आलेले, स्वदेशी म्हणून गाजवलेले बंगळुरूचे 'कू' चार वर्षांत बंद झाल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. मंत्री त्यावर होते, खेळाडू होते. त्यांना दुसरीकडे जागा होती. ज्याने आपल्या भाषेत पहिल्यांदा चार ओळी लिहायचे धाडस तिथे केले, त्याच्या ओळींचे काय झाले? एखादे मराठी मासिक बंद पडले तर आपण अग्रलेख लिहितो. 1982 साली 'सत्यकथा' थांबले त्याची हळहळ आजही ऐकू येते. आणि त्याचे जुने अंक निदान ग्रंथालयात मिळतात. इथे लाखो माणसांचे लिखाण आणि बोलणे कंपनीच्या मर्जीवर टांगलेले आहे, आणि सुसंस्कृत मंडळी त्या माणसांनाच विचारत आहेत की तुम्ही एवढे बोलता कशाला!

म्हणून सरळच सांगतो. फोनसमोर उभे राहून बोलणारी, शिजवणारी, नाचणारी, क्रमशः लिहिणारी ही माणसे मराठीचे आणि कन्नडचे आजचे बोलते लोक आहेत. त्यांना संपादक मिळाला नाही, मंच मिळाला नाही, निमंत्रण मिळाले नाही. कॅमेरा मिळाला आणि त्यांनी तो वापरला. त्यांच्याकडून दर्जा मागा, जाहिरात असेल तर ती जाहिरात म्हणून सांगायला लावा, दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याचे चित्रण केले तर तुरुंगात घाला. पण त्यांनी तोंड उघडले याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. खुलासा मागायचा तो कंपन्यांकडून मागा. ॲप बंद करण्याआधी किती मुदत देणार, माणसाचे काम त्याच्या हाती परत कसे देणार, व्हिडिओ काढून टाकला तर कारण कोणत्या भाषेत सांगणार. साहित्य संमेलनाच्या शेवटच्या दिवशी दरवर्षी ठराव होतात. सीमाभागावर होतात, मराठी शाळांवर होतात. पुढच्या संमेलनात त्यांच्या जोडीला एक ठराव या मागण्यांचा मांडावा, ॲपवरचे मराठी लिखाण जतन करण्याची जबाबदारी एखाद्या मराठी संस्थेने उचलावी असे त्यात लिहावे. आणि अनुमोदनाला प्रतिलिपीवर लिहिणाऱ्या बायकांना बोलवावे. कविकट्ट्याच्या मागचा कोपरा दाखवू नये; व्यासपीठावर, अध्यक्षांच्या रांगेत खुर्च्या मांडाव्यात.